पुरीचा रथ कुणालाही ओढता येतो

‘जगन्नाथाच्या देवळात फक्त हिंदूंनाच प्रवेश, म्हणून रथयात्रेतही इतरांना दोराला हात लावू देत नाहीत’, हे वर्षानुवर्षं कानावर येतं. पहिला भाग खरा, दुसरा साफ चुकीचा. आषाढ शुद्ध द्वितीयेला देव स्वतः देवळाबाहेर, बडदांडावर म्हणजे देवळासमोरच्या मोठ्या रस्त्यावर येतात ते सगळ्यांनाच दर्शन द्यायला. तिथे जात, धर्म, देश आड येत नाही. मला तर या उत्सवाचं मोठेपण यातच दिसतं. पुरीचे गजपती राजेसुद्धा त्या दिवशी सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन रथ झाडतात!

बंदी आहे ती रथावर चढायला. तो मान सेवायतांचा, म्हणजे देवळातल्या सेवेकऱ्यांचा. दोर मात्र तुमचाही. नारळाच्या काथ्याचा, चांगला जाडजूड. घामेजल्या तळव्यातून सरकला की हात चरचरतो. जगन्नाथाच्या रथाला, नंदिघोषाला, 16 चाकं, आणि एकदा सुटलेला रथ चटकन थांबत नाही. म्हणून चाकांपासून लांब राहा, ताणलेला दोर ओलांडू नका, गर्दी दाटायला लागली की सरळ कडेला या. रथ जिथे जातो त्या गुंडिचा मंदिरापर्यंतची वाट साधारण 3 किलोमीटरची, रथ थांबत थांबत जातो. पुढे पुन्हा दोर धरता येतो.