विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा नेतृत्वविकास

विद्यापीठात शिकत असताना मुलामुलींना गट सांभाळणं, निर्णय घेणं, मतभेद झाले तरी काम पुढे नेणं जमावं म्हणून जे मुद्दाम केलं जातं ते सगळं नेतृत्वविकासात येतं. कोर्स, वर्कशॉप, मेंटॉरिंग, विद्यार्थी परिषद, क्लब, वादविवाद मंडळं हे प्रकार ओळखीचेच आहेत.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण थेट इटलीतल्या मध्ययुगीन बोलोन्या विद्यापीठापर्यंत मागे जातात, कारण तिथं विद्यार्थ्यांचे प्रांतवार गट होते, ते आपले रेक्टर (प्रमुख) स्वतः निवडायचे आणि शिक्षक उशिरा आले तर त्यांना दंडसुद्धा व्हायचा. पण या विद्यापीठाचं १०८८ हे स्थापनावर्ष जपूनच वापरावं, ते एकोणिसाव्या शतकात आठशेव्या वर्धापनदिनाच्या तयारीत, कवी कार्दुच्ची प्रमुख असलेल्या समितीनं ठरवलेलं आहे, आणि विद्यार्थ्यांच्या संघटना बाराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी आकाराला आल्या असं मानणं जास्त सुरक्षित. शिवाय ते रेक्टर म्हणजे वयानं बऱ्यापैकी मोठे, कायदा शिकणारे लोक होते, त्यांना कोणी नेतृत्व 'शिकवत' नव्हतं, परक्या शहरात आपले हक्क सांभाळायला ते एकत्र आले होते. त्यामुळे याला विद्यार्थी स्वराज्याचा इतिहास म्हणणंच बरं. केंब्रिज युनियन (१८१५) आणि ऑक्सफर्ड युनियन (१८२३) या वादविवाद संस्थांबद्दलही थोडंफार असंच म्हणता येतं, तिथून पुढे राजकारणात गेलेले खूप, पण शिकवण्याचा आराखडा असा नव्हता.

आराखडा आला विसाव्या शतकात. नेता जन्मावाच लागतो या समजुतीला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ राल्फ स्टॉगडिलनं १९४८ मध्ये घेतलेल्या आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यानं चांगलाच धक्का दिला, गुण महत्त्वाचे असले तरी परिस्थिती बदलली की कोणते गुण उपयोगी पडतात तेही बदलतं असं त्याचं म्हणणं. जुळ्यांवरच्या पुढच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो खरा, पण मोठा हिस्सा अनुभवाचाच उरतो. १९९२ मध्ये अमेरिकेत रिचमंड विद्यापीठात पदवीपातळीवर फक्त नेतृत्वाचा अभ्यास करणारं जेप्सन स्कूल सुरू झालं.

सगळ्यात जास्त वापरात असलेलं मॉडेल म्हणजे 'सामाजिक बदलाचं मॉडेल' (१९९६, अमेरिकी शिक्षणसंशोधक हेलन आणि अलेक्झांडर ॲस्टिन यांच्या पुढाकारानं). यात स्वतःची जाणीव, बोलणं-वागणं एक असणं, बांधिलकी ही व्यक्तीची मूल्यं. सहकार्य, समान उद्देश, सभ्यपणे मतभेद ही गटाची. आणि नागरिकत्व हे समाजाचं. अशी सात झाली, 'बदल' मध्यभागी धरला तर आठ, म्हणून पुस्तकागणिक आकडा वेगळा दिसतो. पदाचा यात कुठंच उल्लेख नाही हे मुद्दाम बघावं.

अमेरिकी अभ्यासक सुझन कोमिव्हेझ आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्याची नेता म्हणून ओळख कशी घडते याचे सहा टप्पे २००५ मध्ये मांडले, त्यांचाही रोख तिकडेच आहे. तिसऱ्या टप्प्यावर विद्यार्थ्याला वाटतं की ज्याच्याकडे पद तोच लीडर, चौथ्यावर कळतं की पद नसलेलाही गट पुढे नेऊ शकतो, आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाणं हाच खरा अवघड भाग. मूळ अभ्यास फक्त १३ विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवर उभा आहे, तरी शिकवणाऱ्यांना तो पटतो, कारण सेक्रेटरी झाला आणि सगळी कामं एकट्यानंच ओढत बसला असा विद्यार्थी प्रत्येक क्लबात सापडतो!

मोजमापाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी स्वतःच स्वतःला मार्क देतात. कोर्सच्या आधी 'मला नीट ऐकून घेता येतं' यावर पाचपैकी पाच देणारा विद्यार्थी कोर्सनंतर तीनच देतो, कारण ऐकणं म्हणजे काय हे त्याला आता समजलेलं असतं, आणि कागदावर दिसतं की कोर्सनं नुकसान झालं. यावर उपाय म्हणून 'आधी मी कसा होतो' हे शेवटीच विचारतात, पण मग सुधारणा फुगवून सांगितली जाते. दुसरा घोळ आत्मविश्वास आणि क्षमता एकच धरण्याचा. २००६ पासून चाललेल्या, अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाच्या बहुसंस्थीय पाहणीत मुलींचे गुण सामाजिक बदलाच्या मॉडेलमधल्या बहुतेक मूल्यांवर मुलांपेक्षा जास्त आले, तरी 'मी नेतृत्व करू शकतो' हा विश्वास मुलांमध्येच जास्त दिसला. म्हणजे फक्त आत्मविश्वास मोजून निवड केली तर चुकीची माणसं निवडली जायची शक्यता बरीच.

याच पाहणीत सगळ्यात ठळक दिसलेली गोष्ट कुठल्या कोर्सची नाही: वेगळ्या पार्श्वभूमीच्या, वेगळ्या मतांच्या सोबत्यांशी होणाऱ्या गप्पा. मेंटॉर आणि समाजसेवा यांचाही परिणाम दिसतो. कारण काय आणि परिणाम काय हे अशा पाहणीतून पक्कं सांगता येत नाही, आधीच मोकळी असलेली मुलंच अशा गप्पा जास्त मारत असतील. तरीही एका दिवसाच्या सेमिनारपेक्षा वर्षभर एखादं खरं काम गटानं करणं, जबाबदाऱ्या फिरत्या ठेवणं आणि काम झाल्यावर काय बिघडलं यावर बसून बोलणं याकडेच अभ्यासकांचा कल जास्त आहे.