पार्श्वभूमी : अपस्मार, उंदराचा मेंदू आणि एका तंतूवरचा वाद

अपस्माराच्या अनेक रुग्णांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, आकसलेला असतो, हे शवविच्छेदनांतून १८२५ पासून नोंदलं गेलं आहे. तो आकसल्यामुळे आकडी येते, की आकड्या येऊन येऊन तो आकसतो, हे मात्र मृताच्या मेंदूवरून ठरेना. म्हणून उंदीर आले.

जपानमध्ये जंतांवर देत त्या लाल शेवाळातून १९५३ मध्ये कायनिक आम्ल वेगळं काढलं गेलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते उंदरांना टोचल्यावर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मेल्या. १९८३ मध्ये आकडी आणणारं दुसरं रसायन, पिलोकार्पिन, आलं. दोन्हींत आधी लांबलेली आकडी, मग काही दिवस-आठवडे शांतता आणि त्यानंतर आपोआप येणाऱ्या आकड्या.

खरा वाद पेटला तो मॉसी तंतूंवरून, म्हणजे हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशींच्या संदेश नेणाऱ्या धाग्यांवरून. पेशी मेल्यावर हे तंतू नवे फाटे फोडतात आणि आपल्याच थरातल्या पेशींकडे परत वळतात. १९८५ मध्ये हे उंदरांत दाखवलं गेलं, १९८९ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींतही. एक गट म्हणाला, पेशी एकमेकींना चेतवतात, हेच आकडीचं मूळ. दुसरा म्हणाला, काही फाटे दमन करणाऱ्या, म्हणजे इतर पेशींना शांत ठेवणाऱ्या, पेशींवरही जातात, म्हणजे मेंदू ब्रेक दुरुस्त करतोय. २००९ मध्ये रॅपामायसिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध दिलेल्या उंदरांत फाटेही घटले आणि आकड्याही. पहिला गट खूश झाला. २०११ मध्ये पिलोकार्पिनच्या प्रयोगात रॅपामायसिनने फाटे घटले, आकड्या तेवढ्याच राहिल्या! फाट्यांना थेट कारण ठरवण्याची घाई झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. दमन करणाऱ्या पेशींच्या मृत्यूकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं.

रत्नागिरी-मालवणकडे तिसऱ्या, कालवं आवडीने खाणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. १९८७ मध्ये कॅनडात शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली. दोषी होतं डोमोइक आम्ल, कायनिक आम्लाचं भावंड. सूक्ष्म शैवाल ते बनवतं, शिंपल्यात ते साठतं आणि रटरटून शिजवलं तरी जात नाही. मृतांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये उंदरांसारखीच हानी होती. वाचलेल्या एकाला वर्षभराने अपस्मार जडला.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९९८ पासून समुद्रसिंहही याच विषाने मरताना दिसू लागले. २०१४ मध्ये त्यांच्या मेंदूंचा अभ्यास झाला. बहुतेकांचा हिप्पोकॅम्पस एकाच बाजूने आकसलेला होता आणि मॉसी तंतूंना फाटेही फुटले होते. २०२० मध्ये अशाच एका समुद्रसिंहाच्या मेंदूत डुकराच्या गर्भातल्या, दमनाचं काम करू शकतील अशा पेशी घालण्याची शस्त्रक्रिया झाली.