कुत्र्याला फिट आली की लोखंड, कांदा आणि जस्ताची पावडर

कुत्र्याला आकडी आली की कुणीतरी चप्पल हुंगवतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा पायाशी ठेवतं. हल्ली त्याचंच सुधारित रूप आलंय: ‘अंगात जस्त-मॅग्नेशियम कमी असतं, पावडर सुरू करा, फिट बंद.’

तसं नसतं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणाऱ्या फेफऱ्याचं बहुतेकदा कुठलंच बाह्य कारण सापडत नाही. काही जातींत ते आनुवंशिक असतं. धातूंचा संबंध अजिबात नाही असंही नाही. जुन्या रंगाचे पोपडे, बॅटरी, मासेमारीच्या गळाचं वजन यांतलं शिसं पोटात गेलं तर खरोखर झटके येतात. पण ती विषबाधा, आणि ती रक्ततपासणीत कळते. उलट जस्त जास्त झालं तर कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे अंदाजाने दिलेली पावडर नवं दुखणं आणते. (कांदाही नाकाशी नको, पोटात गेला तर तोही तेच करतो.)

ज्या खनिजाकडे खरं लक्ष हवं ते म्हणजे साधं मीठ. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटचं औषध चालू असताना खाण्यातलं मीठ अचानक वाढलं तर मूत्रपिंडं ब्रोमाइड भराभर बाहेर टाकतात आणि फिट परततात. आज आळणी भात, उद्या फरसाण, हे इथे चालत नाही.

झटका पाच मिनिटांहून लांबला तर किल्ल्या शोधायच्या त्या गाडीच्या, थेट पशुवैद्याकडे जायला.