गळ्यात थॉरचा हातोडा म्हणजे माणूस नाझीच का?

६ जानेवारी २०२१ ला अमेरिकन संसदेत, म्हणजे कॅपिटलमध्ये, शिंगांचा टोप घालून घुसलेला तो उघडा माणूस आठवतोय ना, त्याच्या अंगावर थॉर या जुन्या नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या) देवाचा हातोडा गोंदलेला होता, आणि तेव्हापासून हातोडा दिसला की लोक सरळ 'नाझी' म्हणून मोकळे होतात. पण हे काही खरं नाही. आइसलँडमध्ये १९७२ साली जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांची संघटना निघाली, दुसऱ्याच वर्षी सरकारमान्यता मिळाली, आणि वंशबिंश त्यांच्यात कोणी विचारत नाही. अमेरिकेत तर २०१३ पासून सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर धर्मचिन्ह म्हणून हा हातोडा कोरता येतो.

आता उलट बाजू. "आमच्या धर्माचा वर्णद्वेषाशी काहीच संबंध नाही" असं हा नॉर्स धर्म मानणारे काहीजण म्हणतात, तेही धादांत खोटं. स्वीडिश अभ्यासक मॅटियास गार्डेलने २००३ मध्ये या लोकांचे सरळ तीन गट दाखवले: उघड वर्णद्वेषी, 'हा फक्त आमच्या रक्ताचा धर्म' म्हणणारे, आणि कोणालाही या म्हणणारे. मला विचाराल तर खरी गोची मधल्या गटाची, कारण भाषा गोड असते, पूर्वज, मुळं, संस्कृती वगैरे, आणि दार मात्र गोऱ्यांनाच उघडं. २०१६ मध्ये अशाच एका अमेरिकन संघटनेने 'गोरी कुटुंबं' अशी वर्णाची भाषा उघडपणे वापरली, तेव्हा बऱ्याच हीदन (म्हणजे हाच जुना धर्म मानणाऱ्या) संघटनांनी 'डिक्लेरेशन १२७' काढून तिच्याशी संबंधच तोडले. हा १२७ आकडा हावामाल या जुन्या नॉर्स काव्यातल्या कडव्याचा, त्यात म्हटलंय की वाईट दिसलं तर वाईट म्हणा.

बाकी स्वस्तिकाबद्दल परदेशात खुलासे देऊन दमलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नकोच.