डूडलच्या आधीची दीडशे वर्षं

बाणेर, बालेवाडी, खराडी, कल्याणीनगर. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फिरायला निघणाऱ्या कुत्र्यांत आता गोल्डनडूडल, कॅव्हापू, माल्टीपू अशी नावं ऐकू येतात. गोल्डन रिट्रीव्हर, कॅव्हेलियर स्पॅनियल किंवा माल्टीज यांचा कुरळ्या केसांच्या पूडलशी मुद्दाम घडवून आणलेला हा संकर. पूडलच्या अशा सगळ्या संकरांना मिळून इथे 'डूडल' म्हणू. ज्यांच्या घरी असं कुत्रं आहे ते सांगतात की केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही आणि दोन जातींचं रक्त एकत्र आल्याने तब्येत दणकट राहते. डॉग शोमधले जुने लोक 'क्रॉस आहे हो' एवढंच म्हणून विषय संपवतात. टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी राबणारे विचारतात की रस्त्यावर एवढी पिल्लं असताना मुद्दाम आणखी कशाला जन्माला घालायची. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण 'शुद्ध' आणि 'संकरित' ही विभागणी तिघेही गृहीत धरतात, आणि ती विभागणी फार जुनी नाही.

ज्याला आपण जातिवंत कुत्रं म्हणतो ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचं अपत्य आहे. पहिला नोंदलेला डॉग शो 1859 मध्ये न्यूकॅसलला झाला, आणि लंडनचा केनेल क्लब 1873 मध्ये स्थापन झाला. त्याआधी कुत्रं ओळखलं जायचं ते कामावरून: मेंढ्या राखणारं, ससे पकडणारं, पाण्यात पडलेलं बदक आणून देणारं. शोमुळे पारख बदलली. कान किती लांब, रंग कोणता, शेपटी कशी, यावर बक्षिसं ठरू लागली, वंशावळीची वही आली आणि वहीत नाव असलेल्यांचंच लग्न वहीत नाव असलेल्यांशी लावायचं असा दंडक पडला.

पण त्या वहीतली पहिली पानं उघडून पाहावीत. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमथ यांनी 1868 मध्ये 'नूस' नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि 'बेल' नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली आणि गोल्डन रिट्रीव्हरचा वंश सुरू झाला. ही जात रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून आली, अशी सुरस कथा पुढे कित्येक वर्षं सांगितली जात होती. 1952 मध्ये ट्वीडमथ यांच्या कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आणि ती कथा मागे पडली. जर्मनीत आपोल्डा गावात करवसुलीचं काम करणाऱ्या लुई डोबरमान यांनी सोबतीला दरारा असलेलं कुत्रं हवं म्हणून हाताशी असलेल्या अनेक प्रकारच्या कुत्र्यांतून डोबरमन घडवला. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची पाण्यात उतरणारी कुत्री होती. इंग्लंडमध्ये त्यांचा वंश जोपासला गेला आणि 1903 मध्ये केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. आज जे कुत्रं 'प्युअर' म्हणून विकलं जातं ते कधीतरी कुणाचा तरी ठरवून केलेला क्रॉस होतं. डूडलला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि डूडल विकणाऱ्यांनी याचा आधार घेऊन फार मिरवूही नये. त्या जुन्या संकरांमागे पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आणि नोंदी होत्या.

आपल्याकडे कुत्र्याची पत वेगळ्या रीतीने ठरत आली. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रं असतं, दत्ताच्या पायाशी चार असतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या 'खंड्या' कुत्र्याची समाधी आहे. दख्खनच्या पठारावर शिकारीसाठी पाळलेली कारवान कुत्री, सडपातळ, लांब तोंडाची आणि तुफान पळणारी, कुठल्याही वहीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ससा पकडणाऱ्या कुत्रीचीच पिल्लं लोक मागून न्यायचे. मुधोळच्या संस्थानात मालोजीराव घोरपड्यांनी याच प्रकारच्या कुत्र्यांचा वंश सांभाळला आणि पंचम जॉर्ज यांना जोडी भेट दिली. म्हणून इंग्रजीत ते 'मुधोळ हाउंड' झालं. 2005 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं.

पुण्यात विलायती कुत्र्यांची आवड आली ती कॅम्प आणि खडकीच्या छावण्यांतून. साहेब गेले, पण त्यांच्या कुत्र्यांचे वंश बंगल्यांतून आणि पुढे वाड्यांतून राहिले. परदेशी कुत्रं आणणं अवघड होतं त्या दशकांत मध्यमवर्गीय घरात दिसायचं ते पांढरं, केसाळ 'पॉमेरेनियन', जे खरं पाहता इथेच रुळलेलं इंडियन स्पिट्झ आहे. बंगल्याच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा'ची पाटी असली की आत अल्सेशियन असणार, असं धरून चालायचे. उदारीकरणानंतर पैसा आणि पर्याय दोन्ही वाढले. 2003 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे दुडुदुडु धावणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी उसळली. बसक्या नाकामुळे या जातीला नीट श्वास घेता येत नाही आणि उन्हाळा सोसत नाही, हे बऱ्याच घरांना पिल्लू आणल्यावर कळलं. मग हस्की आले, शिह त्झू आले. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे रोजच्या भाषेत 'केसीआयचे' पेपर असले की पिल्लाचा भाव चढतो. ते पेपर वंशावळ सांगतात. आईबापांचे सांधे, डोळे, हृदय तपासलं होतं का, हे त्यावरून कळत नाही. खरेदी करणारा मात्र पेपर म्हणजे तब्येतीची हमी असंच समजतो.

डूडलची गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात, आणि ती एका चांगल्या हेतूने सुरू होते. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रं हवं होतं, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. मेलबर्नच्या गाइड डॉग संस्थेत पैदाशीचं काम पाहणारे वॉली कॉनरन यांनी आधी पूडलच शिकवून पाहिले. एकामागून एक तीसच्या वर पूडल तपासले, पण त्या कामाला एकही उतरला नाही. अखेर 1989 मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, आणि 'सुलतान' नावाच्या पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. उरलेल्या दोन पिल्लांना सांभाळायला घरं हवी होती. लॅब्राडोरसाठी लोकांची रांग होती, पण 'क्रॉस' म्हटल्यावर कुणी पुढे येईना. तेव्हा कॉनरन यांनी संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला सांगितलं की नवं कुत्रं तयार झालंय, 'लॅब्राडूडल' म्हणून जाहीर करा. बातमी छापून आली आणि फोन खणखणू लागले. कुत्री तीच होती, बदललं होतं फक्त नाव.

कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा कॉकपू अमेरिकेत त्याआधी काही दशकं होताच. पण बाजाराला खरी वाट दाखवली ती लॅब्राडूडलने. 2009 च्या सुरुवातीला बराक ओबामा यांनी आपल्या मुलींसाठी लॅब्राडूडल किंवा पोर्तुगीज वॉटर डॉग घेणार असल्याचं सांगितलं, आणि शेवटी पोर्तुगीज वॉटर डॉग निवडलं, तरी डूडलची चर्चा जगभर झाली. कॉनरन यांनी स्वतः 2019 मध्ये ऑस्ट्रेलियन रेडिओला सांगितलं की हा आपल्या आयुष्यातला पश्चात्ताप आहे. आपल्यामागून कुणीही कशाचीही जोडी लावून पिल्लं विकू लागलं, ही त्यांची तक्रार. हा माणूस संकराच्या विरोधात नव्हता. बेफिकिरीने केलेल्या पैदाशीच्या विरोधात होता, आणि मला या सगळ्या वादात त्याचंच म्हणणं सर्वांत मोलाचं वाटतं.

केस न गळण्याचा दावा कितपत टिकतो? पूडलचे केस माणसासारखे वाढत राहतात आणि कमी गळतात. तोंडावर मिशी-दाढीसारखे लांब केस देणारं जनुक प्रबळ असतं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी त्याचा परिणाम दिसतो, त्यामुळे पहिल्या पिढीतली सगळी पिल्लं साधारण तशी झुबकेदार तोंडाची दिसतात. पण त्याच पहिल्या पिढीतल्या दोघांची जोडी लावली तर मेंडेलच्या हिशेबाने दर चारांत साधारण एक पिल्लू लॅब्राडोरसारख्या सपाट तोंडाचं निघतं, आणि त्याचे केसही गळतात. कुरळेपणा आणि गळणं यांची जनुकं आणखी वेगळी असल्याने एका वेतातली भावंडंही सारखी नसतात. विक्रेता मात्र वेतातल्या प्रत्येक पिल्लाला 'नॉन-शेडिंग' म्हणूनच दाखवतो.

ॲलर्जीचं तर केसांशी थेट नातंच नाही. तिला कारण असलेली प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात. नेदरलँड्समध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'ॲलर्जी न देणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत यातलं मुख्य प्रथिन इतरांपेक्षा जास्त सापडलं. लॅब्राडूडल असलेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते कमी होतं, पण हवेतल्या प्रमाणात फरक नव्हता. म्हणून दम्याचा पेशंट घरात असेल तर त्याने त्याच पिल्लाजवळ, त्याच घरात काही तास बसून पाहणं हाच मार्ग. कॉनरन यांनीही तेच केलं होतं, फक्त नमुने टपालाने पाठवून.

तब्येतीच्या दाव्याचंही असंच आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पशुरुग्णालयातल्या 27 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर 2013 मध्ये अभ्यास झाला. 24 आनुवंशिक आजारांपैकी 10 जातिवंतांत जास्त, एक मिश्र कुत्र्यांत जास्त आणि 13 दोन्हींत सारखेच आढळले. डूडलांबद्दल थेट उत्तर दिलं ते लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2024 मध्ये. कॉकपू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी 57 आजारांबाबत तुलना केली, तर सुमारे 87 टक्के तुलनांत फरकच नव्हता. कारण समजायला सोपं आहे. हळूहळू अंधत्व आणणारा डोळ्याच्या पडद्याचा एक आजार लॅब्राडोरमध्येही आहे आणि पूडलमध्येही, आणि दोष एकाच जनुकात आहे. आईबाप दोघेही त्या सदोष जनुकाचे वाहक असतील तर जात वेगळी असून पिल्लाला काही फायदा होत नाही. खुब्याच्या सांध्याचा दोषही दोन्हीकडे आहे.

पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये 'बायफ' उभी केली आणि देशी गाईंशी जर्सी-होल्स्टीनचा संकर गोठ्यागोठ्यात पोहोचला. पहिल्या पिढीची गाय चांगली निघते, पण पुढे कोणत्या वळूचं रेतन द्यायचं याचा विचार नसेल तर गोठा बिघडतो, हे दूधवाल्यांना अनुभवाने माहीत आहे. गाईच्या बाबतीत निदान कुणीतरी नोंद ठेवतं. डूडलच्या बाबतीत केसीआयची वही बंद, कारण ती मान्य जात नाही, आणि पर्यायी वही कुणी सुरू केलेली नाही. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्राने 2016 मध्ये बंधन घातलं, त्यामुळे देशात असलेल्या पूडलांतूनच हे सगळं चालायचं. कुणाचा बाप कोण, हे लिहिलेलं नसेल तर दोन वेतांनंतर चुलत-सावत्र भावंडांची जोडी लागणं अवघड नाही.

कायदा या बाबतीत लोकांना वाटतो तेवढा मुका नाही. 2015 मध्ये विधी आयोगाने 261 व्या अहवालात पेट शॉप आणि पैदाशीवर नियमांची गरज मांडली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिला व्यायला लावायचं नाही. वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. जवळच्या नात्यात मेटिंग नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. या नियमांत शुद्ध आणि संकरित असा भेद केलेलाच नाही. ते मोजतात आईचं वय आणि आईची वेतं, आणि माझ्या मते मोजायची गोष्ट तीच आहे.

12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 'आक्रमक' जातींवर, त्यांच्या मिश्र आणि संकरित पिल्लांसकट, बंदी घालायला राज्यांना सांगितलं. पिटबुल, रॉटवायलर पाळणारी घरं हादरली. दिल्ली आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. तेव्हा एक अडचण उघडी पडली: वही नसलेलं कुत्रं कोणत्या जातीचा संकर आहे, हे सरकार ठरवणार कशावरून?

पुण्याच्या हवेत पूडलचे केस ही रोजची जबाबदारी असते. पावसाळ्यात रोज विंचरलं नाही तर गुंते होतात, आतली कातडी ओली राहते, गोचीड लपतात, आणि गोचिडाचा ताप इथे नेहमीचा आहे. पिल्लू विकताना हे क्वचितच सांगितलं जातं. आणि त्या पिल्लाची आई तर बहुतेक वेळा दाखवलीच जात नाही. कॅफेत, पार्किंगमध्ये किंवा घरपोच पिल्लू देणारा विक्रेता तिला आणत नाही. ज्यांना डूडलच हवंय त्यांनी ती जिथे राहते तिथे जाऊन तिला पाहावं, तिचं कितवं वेत आहे ते विचारावं, पशुकल्याण मंडळाचा नोंदणी क्रमांक मागावा, आईबाप दोघांच्या खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या आजाराची जनुकीय तपासणी कागदावर पाहावी. लॅब्राडोर किंवा गोल्डन घेतानाही हेच प्रश्न विचारायचे, त्याचे केसीआयचे पेपर समोर ठेवलेले असले तरी.