मॉर्टन, जेली रोल

(२० ऑक्टोबर १८९०–१० जुलै १९४१). जॅझ संगीतातील आद्य अमेरिकन पियानोवादक, संगीतरचनाकार व वाद्यवृंदप्रमुख. मूळ नाव फर्डिनंड जोसेफ लामोथ. जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून वरील जन्मतारीख ग्राह्य धरली जाते; तो स्वतः मात्र १८८५ हे साल सांगत असे. सावत्र वडिलांच्या ‘मूटाँ’ या फ्रेंच आडनावाला इंग्रजी वळण देऊन त्याने ‘मॉर्टन’ हे आडनाव घेतले. ‘जेली रोल’ हे टोपणनाव कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतील एका ग्राम्य शब्दातून आलेले असून, तो ज्या घरात वाढला तेथे ते उच्चारणेही अशिष्ट ठरले असते.

ते घर क्रिओल समाजातले होते. न्यू ऑर्लिन्समधील हे मिश्रवंशीय, रोमन कॅथलिक आणि बहुधा फ्रेंचभाषक लोक स्वतःला गोऱ्यांपासून जितके वेगळे मानत, तितकेच कृष्णवर्णीयांपासूनही. मुलांना रीतसर संगीत शिकवावे, फ्रेंच ऑपेरा ऐकवावा, असा त्यांचा रिवाज असे. परंतु वंशभेदाचे कायदे कडक होत गेले, तसा हा सारा समाज कायद्याच्या नजरेत ‘काळा’ ठरला. आपल्या आफ्रिकी वंशाविषयी मॉर्टन आयुष्यभर टाळाटाळीने बोलत राहिला. त्याच्या स्वभावातला हा भाग अप्रिय असला, तरी त्याचे मूळ या उतरंडीत शोधावे लागते. एका बाजूला ऑपेरा व फ्रेंच नृत्यसंगीत, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचे ब्रास बँड आणि ब्लूज ही कृष्णवर्णीयांची दुःखगीते, हे दोन्ही त्याच्या कानावर पडत होते, आणि त्याच्या संगीतात त्यांना एकमेकांपासून सोडवून काढता येत नाही.

किशोरवयातच तो शहराच्या स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत पियानो वाजवू लागला. तेथील आलिशान कुंटणखान्यांत दिवाणखान्यातल्या पियानोवादकाला गिऱ्हाइकांकडून भरघोस बक्षिसी मिळे. घरी मात्र आपण साधी नोकरी करतो असे तो सांगत असे. बिंग फुटल्यावर, कुटुंबाची अब्रू जपणाऱ्या पणजीने त्याला घराबाहेर काढले. पुढची अनेक वर्षे तो दक्षिणेकडील राज्यांत आणि नंतर शिकागो, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया असा फिरत राहिला. पोटासाठी त्याने पियानो वाजवला, फिरत्या तमाशावजा खेळांत विनोदी कामे केली, बिलियर्ड्‌स व पत्त्यांचा जुगार खेळला आणि वेश्यांची दलालीही केली. समोरच्या दातात हिरा बसवून घेतलेला हा माणूस पियानोपाशी बसण्याआधीच लोकांच्या नजरेत भरत असे. १९१५ मध्ये ‘ओरिजिनल जेली रोल ब्लूज’ ही त्याची रचना शिकागोत छापली गेली. स्वरलेखनासह प्रसिद्ध झालेली पहिली जॅझ रचना म्हणून तिचा उल्लेख अनेकदा केला जातो.

रॅगटाइम या त्या काळच्या लोकप्रिय पियानो प्रकारात डावा हात ठरावीक ठेका धरतो आणि उजवा हात त्यावर तिरकस लयीत चाल वाजवतो. मॉर्टनने हा घाट ठेवला, पण त्यातला ताठरपणा काढून टाकला. आपल्या दहा बोटांकडून तो संपूर्ण बँडचे काम करून घेई: उजव्या हाताच्या वरच्या स्वरांत क्लॅरिनेट व कॉर्नेट या फुंकवाद्यांचा, तर डाव्या हाताच्या खर्जात ट्रॉम्बोनच्या घसरत्या तानांचा भास होतो. तीच चाल पुन्हा आली की तो तिला थोडे वेगळे रूप देत असे. ‘न्यू ऑर्लिन्स जॉइज’ व ‘द क्रेव्ह’ यांसारख्या रचनांत डावा हात क्यूबाच्या हाबानेरा नृत्याचा ठेका धरतो. याला तो ‘स्पॅनिश छटा’ म्हणे, आणि तिच्यावाचून जॅझला खरी चव येत नाही असे त्याचे मत होते. ‘ब्रेक’लाही तो तितकेच महत्त्व देई. ब्रेकमध्ये सगळी साथ एकदम थांबते, एकच वाद्य दोन मात्राखंड एकटे वाजते आणि मग सगळे मिळून पुन्हा लय पकडतात. समेवर येण्याची ओढ ज्याने अनुभवली आहे, त्याला यातली गंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

१९२३ मध्ये तो शिकागोत स्थिरावला. त्याच वर्षी इंडियाना राज्यातील रिचमंड येथे गेनेट कंपनीसाठी त्याने एकल पियानोच्या तबकड्या केल्या, तसेच ‘न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज’ या गोऱ्या वादकांच्या बँडसोबतही ध्वनिमुद्रण केले. गोऱ्या व कृष्णवर्णीय वादकांनी एकत्र केलेल्या अगदी सुरुवातीच्या जॅझ ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते.

त्याचे सर्वोत्तम काम १५ सप्टेंबर १९२६ पासून व्हिक्टर कंपनीसाठी ‘रेड हॉट पेपर्स’ या नावाने झालेल्या ध्वनिमुद्रणांत आहे. जॉर्ज मिचेल (कॉर्नेट), किड ओरी (ट्रॉम्बोन), ओमर सिमियन (क्लॅरिनेट), जॉनी सेंट सिर (बँजो), जॉन लिंडसे (डबल बेस) आणि अँड्र्यू हिलेअर (ड्रम) हे वादक त्याने निवडले, आणि त्या काळी जॅझमध्ये विरळा असणाऱ्या तालमीही घेतल्या. पहिल्याच दिवशी मुद्रित झालेली ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ तीन मिनिटांच्या आसपासची आहे. तेवढ्या अवकाशात कधी सगळी वाद्ये एकमेकांत गुंफून वाजतात, कधी तुटक ठोक्यांवर कॉर्नेट एकटा पुढे येतो, कधी साथ पूर्ण थांबून केवळ पियानो ऐकू येतो, मग बँजोची पाळी येते, आणि शेवटच्या आवर्तनात सारा बँड पूर्ण जोराने परततो. ‘डेड मॅन ब्लूज’ची सुरुवात विनोदी संवादाने आणि न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेतील संथ सुरावटीने होते. वादकाला उपजेची मुभा कोठे द्यायची आणि कोठे लिहिलेलेच वाजवायला लावायचे, याचा हिशेब मॉर्टनने आधीच केलेला असे. जॅझचा पहिला खरा रचनाकार ही त्याची ओळख या तबकड्यांवर उभी आहे.

१९२८ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, पण तोवर मोठ्या बँडचा जमाना सुरू झाला होता व त्याची शैली जुनी ठरू लागली होती. त्यातच महामंदी आली आणि व्हिक्टरचे काम बंद झाले. १९३५ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडने फ्लेचर हेंडरसनच्या मांडणीत वाजवलेली ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ देशभर गाजली. ती रचना मॉर्टनची होती. या यशाच्या मानाने त्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. प्रकाशकांनी आपल्याला लुबाडले ही त्याची तक्रार अखेरपर्यंत कायम होती. त्या सुमारास तो वॉशिंग्टनमधील एका लहानशा क्लबात पियानो वाजवत होता.

१९३८ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात ब्लूजचे रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी यांना जॅझचे जनक म्हटले गेल्याचे ऐकून मॉर्टनने संतापाने जाहीर पत्र लिहिले आणि १९०२ मध्ये जॅझ आपणच निर्माण केले असा दावा केला. बाप्तिस्म्याचा दाखला खरा मानला, तर तेव्हा तो फार तर बारा वर्षांचा होता; १८८५ हे साल या दाव्याला फारच सोयीचे होते. शिवाय बडी बोल्डनसारखे वादक त्या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये बँड गाजवत होते. या बढाईमुळे त्याचे हसे झाले आणि त्याने खरोखर केलेले कामही काही काळ झाकले गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कूलिज सभागृहात लोकसंगीताचा संग्राहक असलेल्या तेवीस वर्षांच्या ॲलन लोमॅक्सने त्याला पियानोपाशी बसवून बोलते केले. आठ तासांहून अधिक चाललेल्या या ध्वनिमुद्रणांत मॉर्टन न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्या, जुगारी, अंत्ययात्रा आणि विस्मृतीत गेलेले पियानोवादक यांच्याविषयी बोलतो. बोलताना हात पियानोवर फिरत असतात आणि पायाचा ठेका चालू असतो. ‘टायगर रॅग’चे प्रात्यक्षिक त्यांतला सर्वांत प्रसिद्ध भाग होय. जुन्या फ्रेंच क्वाड्रिल नृत्याचे तुकडे आधी सरळ वाजवून, मग लय बदलत तो त्यांचे जॅझ करून दाखवतो आणि वाघाच्या डरकाळीसाठी पट्ट्यांवर कोपर आपटतो. ती रचना आपलीच हा त्याचा दावा अभ्यासकांना मान्य नाही, पण एक संगीत दुसऱ्यात कसे रूपांतरित होते याचा इतका जिवंत पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

वॉशिंग्टनच्या क्लबात त्याच्यावर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर त्याची प्रकृती पुरती सावरली नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने शेवटची महत्त्वाची ध्वनिमुद्रणे केली, १९४० च्या अखेरीस तो मोटारीने कॅलिफोर्नियाला गेला आणि पुढच्या जुलैमध्ये लॉस अँजेलिस येथे मरण पावला. तेथीलच कॅल्व्हरी दफनभूमीत त्याचे दफन झाले. त्याच्या पियानो रचना १९८२ मध्ये स्वरलेखनासह एकत्रित प्रसिद्ध झाल्या. लोमॅक्सने केलेली ध्वनिमुद्रणे २००५ मध्ये प्रथमच समग्र स्वरूपात निघाली आणि त्या संचाला ग्रॅमी पुरस्कार मिळाले.