व्हेंटिलेटरवरून उतरवणे : ‘वीनिंग’ या शब्दामागचा गुंता

व्हेंटिलेटरवरील रुग्णाला पुन्हा स्वतःच्या श्वासावर आणण्याला अतिदक्षता विभागात सर्रास ‘वीनिंग’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध तोडणे असा आहे. दूध हळूहळू तोडले जाते, आणि यंत्राचा आधारही तसाच टप्प्याटप्प्याने कमी केला पाहिजे हे गृहीतक शब्दाच्या पाठोपाठ, कोणी तपासून न पाहताच, उपचारात शिरले.

कोपनहेगनमधील १९५२ च्या पोलिओ साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना जगवले, तेव्हा सारी चिंता श्वास पुरवण्याची होती. पुढे यंत्रे आल्यावर रुग्णाला टी-पीसवर, म्हणजे यंत्राच्या आधाराविना श्वास घेऊ देणाऱ्या टी-आकाराच्या नळीवर, थोडा थोडा वेळ ठेवून पाहण्याची साधी रीत रूढ झाली. १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत यंत्राने मिनिटाला ठरावीक श्वास द्यायचे आणि मधले श्वास रुग्णाने स्वतः घ्यायचे. मग यंत्राचे श्वास दहावरून आठ, आठवरून सहा असे उतरवत न्यायचे. यंत्राच्या श्वासाच्या वेळी रुग्णाचे स्नायू विसावतात अशी यामागची समजूत होती. प्रत्यक्षात पुढचा श्वास यंत्राचा असणार की आपला, हे मेंदूतील श्वसनकेंद्राला आधी कळत नसल्याने रुग्ण दोन्ही श्वासांत जवळपास सारखेच कष्ट उपसतो, हे पुढच्या काळातील मोजमापांनी दाखवले. तरीही, आकडा रोज थोडा खाली येताना पाहण्यात समाधान असते म्हणून की काय, ही पद्धत बराच काळ टिकली.

तिला खरा धक्का बसला तो १९९४ आणि १९९५ मधील दोन चाचण्यांनी. पहिलीत श्वासाला दाबाचा आधार देण्याची पद्धत सरस ठरली, तर दुसरीत दिवसातून एकदा टी-पीसवर स्वतः श्वास घेऊ देण्याची पद्धत. या विसंगतीवर खूप लिहिले गेले. पण यंत्राचे श्वास कमी करत नेणे दोन्हींत मागे पडले, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट तुलना सुरू होण्याआधीच घडून गेली होती. दुसऱ्या चाचणीत ५४६ रुग्णांना आधी दोन तास स्वतः श्वास घेऊ दिला, तेव्हा त्यांपैकी ४१६ जण, म्हणजे सुमारे ७६ टक्के, त्यात टिकले आणि त्यांची श्वासनलिकेतील नळी लगेच काढता आली. पहिल्या चाचणीतले प्रमाणही तेवढेच होते. चारांतील तिघांना हळूहळू तोडण्याची गरजच नव्हती. कोणीतरी वेळेवर विचारून पाहण्याची होती.

ही विचारणा खाटेपाशी अगदी साधी असते. मिनिटातील श्वासांच्या संख्येला एका श्वासातील हवेच्या लिटरांनी भागायचे. मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येक श्वास ०.३५ लिटरचा असेल, तर भागाकार सुमारे ८६ येतो. श्वास ४० आणि प्रत्येकी ०.२५ लिटर असेल, तर १६०. १९९१ मध्ये सुचवलेली मर्यादा १०५ ची; भागाकार त्याखाली असेल तर रुग्ण स्वतःच्या श्वासावर टिकण्याची शक्यता अधिक. आकड्याइतकेच मानेचे ताणलेले स्नायू, कपाळावरचा घाम आणि रुग्णाची नजरही बोलते. स्वतः श्वास घेऊ देऊन पाहण्याची चाचणी दोन तासांऐवजी अर्धा तास घेतली तरी चालते, हे १९९९ मध्ये दिसून आले. २००८ मध्ये गुंगीचे औषध रोज थांबवून लगेच चाचणी घेण्याची जोड मिळाली, आणि यंत्राइतकेच औषधही रुग्णाला अडकवून ठेवते हे मान्य झाले.

शब्दाचा गुंता मात्र सुटला नाही. २००७ च्या वर्गीकरणात सोपे, अवघड आणि लांबलेले असे तीन गट केले गेले. तीन किंवा त्याहून अधिक चाचण्या अयशस्वी झाल्या किंवा पहिल्या चाचणीपासून सात दिवसांहून अधिक लागले, तर वीनिंग लांबलेले. पण ज्याची चाचणी कधी झालीच नाही त्याला कोणत्या गटात बसवायचे? आधीच गळ्याला छिद्र केलेल्या रुग्णाचे काय, हेही अस्पष्टच होते. २०१७ च्या एका मार्गदर्शिकेने शीर्षकात ‘मुक्तता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घेतला, जो मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच वर्षीच्या नव्या व्याख्येनुसार यंत्रापासून वेगळे करण्याच्या पहिल्या प्रयत्नाला वीनिंगची सुरुवात मानले गेले. ती ज्या २,७२९ रुग्णांवर लावून पाहिली, त्यांतील २४ टक्के रुग्णांच्या वाट्याला असा एकही प्रयत्न आलेला नव्हता.